कोणाचीच हरकत नव्हती

"साहेब, आमची हरकत होती, पण हरकती मागवल्यात हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मग ‘कोणाचीच हरकत नाही’ असं तुम्ही कसं ठरवून टाकलंत?"

भोंगा उभी राहिली आणि एका दमात हे बोलून मोकळी झाली. भोंगा म्हणजे मुलगीच हो. पण आवाज असा, की ती वर्गात कुजबुजली तरी शेजारच्या वर्गाला उत्तर कळायचं. "हिंमत असेल तर प्रभागाच्या सभेत विचारून दाखव," असं तिला चढवणाऱ्या मैत्रिणी आता मागच्या रांगेत माना खाली घालून एकमेकींना चिमटे काढत होत्या.

प्रश्न वाचनालयाचा होता. त्याच्या वरच्या मजल्यावर खिडकीपाशी लांबलचक बाकं होती. तिथे बसून या सगळ्या जणी गणितं कमी आणि गप्पा जास्त करायच्या. तो अख्खा मजला आता दुकानांच्या गाळ्यांसाठी गेला होता. पालिकेने म्हणे हरकती मागवल्या होत्या. एकही आली नाही.

नगरसेवक हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त हसून वेळ मारून न्यायची सवय होती. "अग बाळ, नोटीस रीतसर लावली होती की."

"कुठे?"

"पालिकेत. जिन्याखालच्या फलकावर."

"पण तिथे तर सायकली लावतात!"

सगळी सभा खो खो हसली. हसू ओसरल्यावर औषधाच्या दुकानातल्या काकू म्हणाल्या, "हिची आत्या इथे असती ना, तर आपल्याला कधीच कळलं असतं." आजूबाजूच्या माना हलल्या.

झालं. भोंग्याचा आवाज तिथेच बसला.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. पालिकेची सभा असली की ही प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसायची आणि येताना चौकातल्या काळ्या फळ्यावर खडूने सगळं लिहून टाकायची. काय मंजूर झालं, कोणी विरोध केला, काय पुढे ढकललं. सरकारी शब्द आला की त्याच्याखाली घरात बोलतो तसा शब्द. छोटी भोंगा ओलं फडकं घेऊन शेजारी उभी असायची.

"आत्या, हरकत म्हणजे काय ग?"

"आपण म्हणतो ना, काही हरकत नाही? ती असली तर गप्प बसायचं नाही. कागदावर लिहून द्यायची, तीही मुदतीत."

मग आत्याला दूरच्या शहरात वर्तमानपत्रात नोकरी लागली. फळ्यावर आता कोणाकोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा असायच्या. आणि यंदा दहावी झाली की भोंग्याने आत्याकडे राहून तिथल्या कॉलेजात शिकायचं, हे केव्हाच ठरलं होतं. त्या दिवसाकडे ती असे डोळे लावून बसली होती, की अंघोळ करतानासुद्धा आत्याशी मनातल्या मनात भांडून घ्यायची. उगाच, सराव म्हणून.

सभेहून आल्या आल्या तिने फोन लावला.

"आत्या, तू ये ना ग परत."

"अग वेडे, मी कशी येऊ? माझं काम इथे आहे. आणि तूच तर येतेयस! कपाटातले दोन खण रिकामे केलेत तुझ्यासाठी. खिडकीजवळची खाट तुझी."

"हो," एवढंच ती म्हणाली. त्या खिडकीतून काय दिसतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पालिकेत गेली. दोन सायकली सरकवल्या, तिसरी अंगावर घेतली, आणि फलक वाचला. वाचनालयाचं होऊन गेलं होतं. पण बाजूला नवी नोटीस होती: पालिकेचा दवाखाना संध्याकाळी बंद ठेवण्याचा प्रस्ताव, हरकती महिनाअखेरपर्यंत.

चौकात येऊन तिने वाढदिवसाच्या शुभेच्छा पुसल्या. शुभेच्छा जुन्याच होत्या, तो माणूस एव्हाना बराच मोठा झाला असणार! खडू करकरला. ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली जात होत्या. आत्याचा हात कसा झरझर चालायचा! ती आत्ता मागे उभी असती, तर आधी पोटभर हसली असती. भोंग्याने खरंच मागे वळून पाहिलं.

मागे फळवाला उभा होता. तो मोठ्याने वाचू लागला आणि मध्येच थांबला. "दवाखाना संध्याकाळी बंद? मग कामावरून येणाऱ्यांनी आजारी कधी पडायचं?" बघता बघता माणसं जमली. हरकत कोणाकडे द्यायची, कशी लिहायची, सगळे तिलाच विचारू लागले. औषधवाल्या काकूही आल्या. "पुढच्या सभेचं पण तूच लिहिणार ना?" त्या म्हणाल्या. "आम्ही बघू हं इथे."

भोंग्याने उरलेला खडू खिशात टाकला आणि ती घराकडे वळली.

घरी आई तिच्या नव्या बॅगेची चेन तेल लावून मोकळी करत होती. बाबा परीक्षेनंतरच्या गाडीच्या वेळा बघत होते. ती दारातच उभी राहिली. हात, नाक, गणवेश सगळं पांढरं.

"काय ग, पिठात पडलीस का?" बाबा म्हणाले.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो इतका बारीक निघाला की आईने बॅग बाजूला ठेवली. "मला आत्याकडे जायचंय. फार फार जायचंय. पण मी जाणार नाही. इथल्याच कॉलेजात नाव घालणार. मंगळवारी पालिकेची सभा आहे, मी गॅलरीत बसणार आहे. आत्याला फोन मीच करते."