खिळ्यावरचा डबा

मार्गेड प्रॉसरने राखेचा फडका घेऊन चुलीमागच्या खिळ्याकडे हात नेला, तो नुसत्या भिंतीला लागला. डबा जागेवर नव्हता.

दर शनिवारी ती ग्विलिमचा डबा घासून लख्ख करायची. पोरगा फौजेबरोबर फिलिपाइन्सला गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं, पण पत्रा तयार करणाऱ्या गिरणीत त्याची जागा राखलेली होती. तो परत आला की दुसऱ्या दिवशी सकाळी डबा हातात मिळायला हवा, एवढंच मार्गेडचं म्हणणं. कडी हाताला रुतते अशी त्याची तक्रार असायची, म्हणून वेल्सहून आणलेला आपला लाल फ्लॅनेलचा झगा फाडून तिने कडीला पट्टी शिवली होती. आधी तो लाजला, मग त्या पट्टीवाचून त्याचं अडायला लागलं.

हा उद्योग हॉवेलचाच, हे तिला लगेच कळलं. महिनाभर तिच्या नवऱ्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. मंगळवारी मतदान होतं आणि त्याच्या पक्षाच्या क्लबची शेवटची प्रचार मिरवणूक आज संध्याकाळी निघायची होती. राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा उभे होते. मला निवडा, तुमचा जेवणाचा डबा भरलेला राहील, असा त्यांचा कामगारांना शब्द होता. म्हणून जिकडेतिकडे डबेच मिरवत होते. हॉवेल मागच्या पडवीत बसून गिरणीतल्या टाकाऊ पत्र्याचे डबे करायचा आणि त्यांना खिळ्याने भोकं पाडून अक्षरं उठवायचा. आत मेणबत्ती लावली की ‘आणखी चार वर्षं’ असं उजळून निघायचं. एखादा डबा कमी पडला असेल आणि स्वारीने घरातला उचलला असेल.

त्याची ही भक्ती उगाच नव्हती. याच राष्ट्राध्यक्षाने पूर्वी खासदार असताना परदेशी पत्र्यावर जकात बसवली होती. तिकडे वेल्समधल्या गिरण्या बसल्या, इकडे ओहायोत नव्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागे प्रॉसरांसारखी कितीतरी घरं समुद्र ओलांडून आली. हॉवेल त्याला अन्नदाता मानायचा. त्याच माणसाने पोराला त्या बेटांवर धाडलं, हे मार्गेडने एकदाच बोलून दाखवलं होतं. तेव्हा हॉवेलने तिची समजूत काढली होती की निवडणूक झाली की तिकडचे बंडवाले हात टेकतील आणि वसंतात पोरं घरी येतील. ते वाक्य तिने जिवाशी धरून ठेवलं होतं.

तिला वाचता यायचं ते फक्त वेल्श, तेही बायबलपुरतं. इंग्रजी वर्तमानपत्र हॉवेल रात्री वाचून दाखवायचा. अलीकडे मात्र तो घरी आला की ते चुलीत सारायचा. भाषणांशिवाय काही नसतं त्यात, म्हणायचा.

शाल ओढून ती बाहेर पडली. कुंपणाशी शेजारच्या बेवनबाई उभ्या होत्या. त्यांचे यजमान विरुद्ध पक्षाचे, त्यामुळे त्यांच्या खिडक्या आज मुद्दाम अंधारात होत्या.

"मिरवणुकीला निघालीस? तू?" बेवनबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला तर राष्ट्राध्यक्ष आता घरजावई करून घेणार बघ."

"घेऊ देत. पोराचा डबा तेवढा परत आणते, मेणाने बरबटायच्या आत."

चौकात बँड वाजत होता. माणसं चार-चारच्या रांगेत येत होती, प्रत्येकाच्या खांद्यावर काठी आणि काठीला उजळलेला डबा. मार्गेड फळ्यांच्या फुटपाथच्या कडेला उभी राहून कड्या निरखत होती. नवे डबे, नव्या कड्या. आपला संशय खोटा निघतो की काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

अगदी शेवटच्या रांगेत हॉवेल होता. त्याच्या काठीला लाल पट्टीचा डबा लटकत होता. त्याच्यावर अक्षरं नव्हती, नक्षी नव्हती, नुसती भोकं होती. वर, खाली, बुडालासुद्धा. कुणीतरी खिळा धरून हातोडा मारतच सुटलं होतं. त्या डब्यात आता कॉफीचा घोटभरही राहिला नसता.

मार्गेडचा राग जागच्या जागी विझला. हॉवेल जन्मभर पत्र्याचं काम केलेला माणूस होता. पोरगा परत येणार असता, तर त्याच्या डब्याला त्याने ओरखडाही काढला नसता.

ती फुटपाथवरून उतरून त्याच्या शेजारी चालायला लागली. मिरवणुकीत कधी बाई नसायची. लोकांना वाटलं, प्रॉसरबाईही राष्ट्राध्यक्षांसाठी रस्त्यावर उतरल्या. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या, कुणीतरी टोपी उडवली.

हॉवेलने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेवढ्याने राहिलेलं सगळं कळलं.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"आपण सफरचंदं उतरवायला गेलो, त्याच्या आदल्या दिवशी. गिरणीच्या ऑफिसात तार आली." त्याचा आवाज बँडमध्ये बुडत होता. "क्लबचा रिडले म्हणाला, या गावातला हा पहिलाच. मतदान होईपर्यंत कुठे बोलू नकोस, मतं फिरतील."

"घरीसुद्धा?"

त्याने काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

तिला तो दिवस आठवला. ग्विलिमला आवडतात म्हणून तिने लाल सफरचंदं निवडून वेगळी ठेवली होती, वाळवायला. ती खाली ओटी धरून उभी होती आणि हॉवेल शिडीवर होता.

"त्या दिवशी तू गात होतास," ती म्हणाली. "दिवसभर."

"तू खाली उभी होतीस ना," हॉवेल म्हणाला. "थांबलो असतो तर वर बघितलं असतंस."

टाळ्या अजून चालूच होत्या. मार्गेडने हात पुढे केला, त्याच्या काठीवरून डबा उतरवला आणि कडी मुठीत धरली. फ्लॅनेलची पट्टी गरम झाली होती.