कोपीतला उत्तररंग

म्हसावदजवळच्या आमच्या छोट्या प्रार्थनाघरात हंगामाचा सण दिवाळीनंतरच्या एका रविवारी असतो. पुढे केळीचे घड, उसाची मोळी, ज्वारीची कणसं, कुणाच्या परसातला भोपळा, कुणाची मूठभर भगर. डोळे मिटून बसलं तरी वासावरून कळावं, काय काय आलंय. हल्ली काही जण बिस्किटांचे पुडेही ठेवतात. असो, देवाला तेही चालत असेल.

पण माझ्या मनातला हंगामाचा सण म्हणजे दिलवरसिंगचं कीर्तन. तो गायचा, मी टाळ धरायचो. पूर्वरंगात तो बायबलातलं वचन समजावायचा: देवानं आपल्या लोकांना सांगितलं, पीक घरात आलं, कोठ्या भरल्या, की घर सोडा आणि सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहा. तुमचे वाडवडील रानात मांडवाखाली राहत होते आणि मी त्यांना सांभाळलं, हे लेकरांना कळू द्या. एवढं सांगून तो थांबायचा. घाम पुसायचा. "आता मला सांगा, पोट भरल्यावरच देव घराबाहेर का बोलावतो?"

उत्तर तो बसल्या जागी द्यायचा नाही. सगळ्यांना मोकळ्या रानातून उठवून कोपीत न्यायचा आणि उत्तररंग तिथं गायचा.

कोपी म्हणजे ऊसतोडीवाल्यांची झोपडी, चार दांडे आणि वर उसाचं पाचट. तेव्हा आम्ही सगळेच मोलगीच्या डोंगरातून ऊसतोडीला उतरलेलो. प्रार्थनाघर कुठलं! जिथं ऊस तिथं कोपी, आणि कोपीतच प्रार्थना. पुढे आम्ही इथंच राहिलो, पोरं शिकली, स्लॅबची घरं झाली. दिलवरसिंग प्रभूकडे गेला आणि कीर्तनही थांबलं. आता कीबोर्ड आहे. पोरं छान वाजवतात, खोटं कशाला बोलू.

यंदा त्याची बायको रेवाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. गुडघे धरून, पण आवाज तोच.

"झिपरूभाऊ, मन्हं एक काम शे. यंदा त्यांचं कीर्तन तू म्हण. अन् प्रार्थनाघराच्या अंगणात कोपी बांध. पुढल्या सणाले मी ऱ्हासू का नही, कोणले माहीत?"

"वहिनी, माझा गळा फाटका."

"त्यांचा कोठे रेशमी व्हता!"

आम्ही दोघं नवनीतकडे गेलो. नवनीत तिचा मुलगा, शहाद्याला शिक्षक, मंडळीचा सचिव. कीर्तनाला तो लगेच हो म्हणाला. कोपीचं नाव काढताच त्यानं चष्मा काढला.

"आई, बाहेरगावचे पाळक येणार आहेत. समोरच्या पडीक रानात ऊसतोडीची टोळी उतरलीय, तिच्या कोप्या दिसतातच. आणखी एक आपल्या दारात कशाला? लोक म्हणतील, हे अजून ऊसतोडीवालेच."

"मग काय व्हतू आपण? कलेक्टर?"

नवनीत हसला नाही. "तुला मांडवच हवा ना? मी करतो सोय. चांगला करतो."

पोराचं आईवर प्रेम होतं, म्हणूनच घोळ झाला. रविवारी सकाळी अंगणात मंडपवाल्याचा शामियाना उभा. गुलाबी झालर, प्लास्टिकची द्राक्षं, मधोमध झुंबर. रेवाबाई नवं लुगडं नेसून आली. तिनं मान वर करून छताकडे बराच वेळ पाहिलं.

"आभाय कोठे शे याम्हा?" एवढंच म्हणाली आणि मागच्या खुर्चीवर बसली.

मी पूर्वरंग सुरू केला. गळा पहिल्यांदा खरखरला, मग वाटेवर आला. टाळ हातात आला की दिलवरसिंग शेजारी उभा असल्यासारखं वाटतं मला. त्याच्याच जागी थांबलो, त्याच्यासारखाच घाम पुसला आणि विचारलं, "पोट भरल्यावरच देव घराबाहेर का बोलावतो?"

उत्तरासाठी रेवाबाईकडे पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

नवनीत धावला. मीही गळ्यात टाळ तसाच घेऊन मागे. रस्त्यापलीकडे, टोळीच्या पहिल्याच कोपीतून तिचा आवाज येत होता. दिवाल्या नावाचा तरुण मुकादम बाहेर अवघडून उभा होता. "आजी आपणहून आली, साहेब. आम्ही नाही बोलावलं. चहा मागितला, बायकोनं दिला."

"आई, चल. लोक थांबलेत."

"मंग त्यास्ले आठे बलाव."

"इथं? दुसऱ्याच्या घरात?"

"दुसऱ्याच्या?" आतून हसण्याचा आवाज आला. "वाक जरा. कोपीनं दार वाकाले लावस."

नवनीत उभाच राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात कार्यक्रमाचा कागद. रस्त्यापलीकडून माणसं बघत होती, पाहुणे पाळकही. मला वाटलं, आता हा परत फिरणार.

तो वाकला.

मी मागून डोकावलो. पाचटातून ऊन गळत होतं, जमिनीवर त्याचे कवडसे. आडव्या दांड्याला जुन्या साडीची झोळी बांधलेली, तिच्यात दिवाल्याचं लेकरू झोपलेलं. नवनीतनं पाचटाचा वास घेतला आणि त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. न विचारता त्याचा हात झोळीच्या दोरीवर गेला आणि तो झोका देऊ लागला.

"तुन्ही झोळी बी अशीच व्हती," रेवाबाई म्हणाली. "बाप उत्तररंग म्हणे, अन् तू झोपी जाये. शेवट तुले कधी समजनाच नही."

"समजला होता," नवनीत हळूच म्हणाला. "मी झोपायचो नाही, आई."

आणि तोच गुणगुणू लागला. दिलवरसिंगचंच ध्रुपद:

*चार दांडे, वर पाचट, देव आला पाहुणा,*
*भरल्या घरी विसरू नको रे, रानामधल्या खुणा.*

मी बाहेरूनच टाळ धरला. बघता बघता रस्ता ओलांडून सगळी मंडळी आली. कुणी भोपळा उचलून आणला, कुणी केळीचा घड. पाहुणे पाळक उसाची मोळी खांद्यावर घेऊन. दिवाल्याची बायको गोंधळली, "एवढ्यांना चहा कसा पुरणार?" रेवाबाई म्हणाली, "पोरी, आज चहा आमचा. तू फक्त जागा दे."

उत्तररंग मी म्हटलाच नाही. नवनीतनं म्हटला, मध्येमध्ये अडखळत, आणि अडखळला की आतून रेवाबाई शब्द द्यायची. हंगामाची सगळी फळं त्या दिवशी टोळीच्या कोप्यांपुढेच राहिली.

पलीकडे शामियान्यात झुंबर तेवढं लुकलुकत होतं. ते बंद करायला कुणी गेलं नाही.