जिगसॉ आणि शिवणाचं टेबल

मित्रांनो, आधीच सांगून टाकते: मी जुनी आहे, पण मोडीत निघालेली नाही. मी एक जिगसॉ आहे, म्हणजे लाकडात वळणं कापणारी, बॅटरीवर चालणारी बिनवायरची करवत. माझ्या पोटातून एक अरुंद पातं खाली येतं आणि शिवणयंत्राच्या सुईसारखं खालीवर नाचतं. सरळ रेघ काय, कोणतीही करवत कापेल. गोल कोपरा किंवा फळीच्या मधोमध खिडकी कापायची वेळ आली की लोकांना माझी आठवण होते. त्याचा मला थोडा तोरा आहे, असू द्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका सुतार मिस्त्रींच्या हाती आल्यावर. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि मगच पातं बसवायला घेतलं. शेजारी काम करणारा पॉलिशवाला हसला. "अहो मिस्त्री, बटण दाबलं नाही की झालं. एवढं काय घाबरता?"

"बटणावर बोट कधी पडेल, ते बोटाला तरी कुठे माहीत असतं?" मिस्त्री म्हणाले. मला माणूस आवडला.

पुढची बारा वर्षं आम्ही दोघांनी मिळून किती घरं सजवली, त्याची गणती नाही. लाकडी ओट्यात सिंकसाठी जागा कापली, कपाटांच्या पाठीत वायरींसाठी भोकं पाडली, लहान मुलांच्या टेबलांचे टोकदार कोपरे गोल केले. ते मला कधी दामटायचे नाहीत. माझा सपाट तळ फळीला नीट टेकवायचे, बटण दाबायचे आणि पातं स्वतःहून जाईल तेवढंच पुढे सरकवायचे. काम झालं की पातं पूर्ण थांबेपर्यंत मला उचलायचे नाहीत. घरमालकीण कौतुक करायची, "मिस्त्री, हात फिरवला तरी कुठे खडबडीत लागत नाही हो." मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

मग एके दिवशी सिंकची जागा बोटभर वाकडी गेली. दुसऱ्या घरात कपाटाचं दार. मिस्त्री मालकाला म्हणाले, "मशीन जुनी झाली आता. हलते फार." मित्रांनो, मी जराही हलत नव्हते. त्यांनी मला नेलं त्याच वाटेने मी गेले होते. त्यांनी मला खोक्यात घातलं, खोकं कपाटावर टाकलं आणि घरात सांगितलं की गुडघे दुखतात, आता काम बंद. दोन वर्षं माझ्या अंगावर धूळ साचली. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरात मिस्त्रींची सून शिवणकाम करायची. सकाळपासून मशीनवर वाकलेली असायची. मशीन टेबलावर उंच आणि कापड सारखं खाली घसरणारं, त्यामुळे तिची मान संध्याकाळपर्यंत लाकूड व्हायची. टेबलात बरोबर मशीनच्या मापाची खिडकी कापून मशीन खाली बसवली की कापड सपाट राहतं. मिस्त्रींनी ते टेबल तिला कबूल केलं होतं, पण दर आठवड्याला काही ना काही निघायचं. प्लाय ओला आहे, पाती बोथट आहेत, गुडघा धरलाय.

शेवटी सुनेनेच प्लाय आणला. मशीन त्यावर ठेवून खडूने बाह्यरेषा काढली, खोकं खाली उतरवलं, बॅटरी चार्ज केली आणि मला मिस्त्रींच्या हातात दिलं. "बाबा, आता नाही म्हणू नका. मान गेली माझी."

मिस्त्रींनी मला प्लायवर टेकवलं. हात तोच होता, घट्ट आणि ऊबदार. पण मी रेघेवर नव्हते. रेघ माझ्या उजवीकडे चांगली दोन बोटं लांब होती.

"बाबा, रेघ इकडे आहे," सून हळूच म्हणाली.

मिस्त्रींनी प्लायवरून बोट फिरवून रेघ शोधली. मग मला खाली ठेवून म्हणाले, "दिसत नाही गं, पोरी. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही. दोन वर्षं झाली. त्या मशीनचा काही दोष नव्हता, उगाच तिच्या नावावर खपवलं."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर खुर्चीत बसवून चहा आणून दिला असता तुम्ही. गुडघे उद्या बरे होतील म्हणता येतं, डोळ्यांचं तसं नाही. मला कायमचं कामातून उठायचं नव्हतं."

माझा दोन वर्षांचा राग तिथल्या तिथे विरघळला.

सुनेने डोळे पुसले आणि मला उचललं. "मग मी कापते. तुम्ही सांगा."

"नको. तुझं पोट त्या बोटांवर आहे."

"म्हणून तर नीट सांगा."

मिस्त्रींचा नाइलाज झाला, पण चेहरा मात्र खुलला. त्यांनी एकेक गोष्ट सांगितली आणि बोटांनी चाचपून पाहिली. आधी बॅटरी बाहेर. पात्याचे दात पुढच्या बाजूला. बसवल्यावर ओढून बघ, निघता कामा नये. प्लाय दोन स्टुलांवर ठेवून क्लॅम्पने आवळ, खाली पातं फिरेल तिथे काही नको. खिडकीच्या कोपऱ्यात ड्रिलने भोक पाड, पातं त्यातून आत जाईल. भुसा उडेल, डोळ्यांना चष्मा लाव.

"आणि गळ्यातला टेप काढ."

"तो तुम्हाला कसा दिसला?"

"दिसतो कसला! तू तो झोपतानाही काढत नसशील."

ती हसली, टेप खुंटीला अडकवला, बॅटरी लावली आणि मला सुरू केलं. पहिली बाजू सुरेख गेली. कापडावर कात्री चालवलेला हात तो, रेघ सोडत नव्हता. पण वळणावर प्लाय थरथरायला लागला आणि तिचा डावा हात नकळत प्लायच्या खाली गेला. शिंपिणीची सवय ती. कापड कापताना खालून हात घालून ते तोलून धरायचं, आयुष्यभर तेच केलेलं. माझं पातं प्लायच्या खाली चार बोटं येतं, मित्रांनो. मला तिची बोटं कळत होती आणि थांबणं माझ्या हातात नव्हतं.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

तिने बटण सोडलं. मी थांबले.

"प्लायचा खडखडाट एकदम बंद झाला. डावा हात कुठे आहे तुझा?"

तिने पाहिलं. हात प्लायखाली होता, पात्यापासून जेमतेम दोन बोटांवर. तिने मला खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला नाही जमणार, बाबा. मला कळलंसुद्धा नाही."

मिस्त्रींनी आधी बॅटरी काढली. मग क्लॅम्प थरथरणाऱ्या कडेजवळ सरकवला आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तिचा डावा हात त्यांनी पात्यापासून लांब प्लायवर ठेवला आणि त्यावर आपला तळवा दाबून धरला. बॅटरी परत लावली. "आता काप. तू रेघ बघ. हा हात माझ्याकडे."

आम्ही उरलेल्या तीन बाजू तशाच कापल्या. मधला तुकडा खाली पडला तेव्हासुद्धा त्यांनी हात सोडला नव्हता.

आता ती मान वर ठेवून शिवते. टेबल बघून शेजारणींनी मागणी केली, म्हणून आम्ही आणखी चार टेबलं कापली. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला हातात घ्याल तेव्हा घाई करू नका, पात्याला हात लावण्याआधी बॅटरी काढा आणि पहिल्या काही दिवसांत जाणतं माणूस शेजारी बसवा. त्याची नजर अधू असली तरी चालेल.

परवा लाकडाच्या वखारीत कोणीतरी मिस्त्रींना विचारलं, "दिसत नाही म्हणता, मग हल्ली करता काय?"

मिस्त्री प्लायची कड चाचपत होते. मान वर न करता म्हणाले, "सुनेचा डावा हात सांभाळतो."