हाकेला ओ

गेले तीन महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय होता: केरिसचा डिफेन्स. केरिस म्हणजे सियाच्या युनिव्हर्सिटीतल्या मुलींच्या फुटबॉल टीमची कोच. सिया आमची एकुलती एक. त्या टीमची कॅप्टन आणि डिफेन्सच्या अगदी मधोमध खेळणारी. टीम दर बुधवारी हरत होती आणि माझा नवरा यतीन दर बुधवारी वरणात भात कालवता कालवता मला कोचिंगमधल्या चुका समजावून सांगत होता. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण त्यालाही कळत नाही हे मला पक्कं माहीत होतं. नागपूरला शाळेत असताना हा माणूस पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून वर्गात बसायचा.

तरी मी ऐकून घेत होते. कारण उन्हाळ्यात यतीनच्या कंपनीने त्याला घरी बसवलं होतं आणि तेव्हापासून तो आठवड्यातून एकदाच दाढी करत होता. मॅचच्या दिवशी.

बाकीच्या पालकांचा तो बघता बघता पुढारीच झाला. त्यांचा एक ग्रुप काढला, 'डिफेन्स कुठे आहे?' असं त्याचं नावही ठेवलं. केरिसला काढा, ही मागणी त्याचीच. शेवटी स्पोर्ट्स कमिटीने सांगितलं, की सीझनची शेवटची मॅच झाली की क्लबहाउसमध्येच बसू आणि पालकांचं ऐकून निर्णय घेऊ. पालकांतर्फे यतीन बोलणार होता. बुधवारी माझी हॉस्पिटलच्या फार्मसीत ड्यूटी असते, म्हणून मी एकही मॅच पाहिली नव्हती. या वेळी त्याने मला रजा घ्यायला लावली. मी कसा बोलतो ते ऐकायला ये, म्हणाला.

आम्ही राहतो त्या कार्डिफचा वारा ग्राउंडवर आडवा येतो. मी थर्मास आणि शंकरपाळ्यांचा डबा धरून उभी राहिले. यतीन रेषेला चिकटून उभा होता. गुळगुळीत दाढी, मफलर, आणि आजूबाजूला मान डोलावणारे पालक. त्यात एक मिहीरही होता. पुण्याहून वर्षापूर्वी आलेला, मुलंबाळं नसलेला, नुसता यतीनच्या नादाने येणारा.

"वहिनी, आज बघाच तुम्ही," मिहीर म्हणाला. "होपलेस डिफेन्स आहे. लिटरली उभ्या राहतात मुली."

केरिस पलीकडच्या बाजूला उभी होती. बुटकी, निळ्या जाकिटातली. तिने आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही पाहिलं नसतं.

जरा वेळाने समोरच्या टीमची नऊ नंबरची मुलगी बॉल घेऊन सुसाट निघाली. सिया तिच्यामागे धावली. खरं सांगते, माझी मुलगी इतकी वेगात धावते हे मला माहीतच नव्हतं. ती त्या मुलीला गाठणार, एवढ्यात माझ्या कानाशी यतीन ओरडला.

"सियाऽऽऽ, धर तिला."

सिया थांबली. क्षणभरच, पण थांबली. तिची मान आमच्याकडे वळली आणि ओठ हलले. नऊ नंबर पुढे निघून गेली आणि गोल झाला.

"पाहिलंस?" यतीन मला म्हणाला. "हा यांचा डिफेन्स. काही शिकवलेलं नाही त्या बाईने."

मी गोलकडे पाहिलंच नव्हतं. मी सियाच्या ओठांकडे पाहत होते. ती काय म्हणाली ते पन्नास पावलांवरूनही मला कळलं होतं. ती "ओ" म्हणाली होती.

सिया तीन वर्षांची असताना रोथ पार्कच्या तळ्यावर बदकांमागे पळायची. एकदा अगदी काठाशी पोहोचली होती. यतीनने जीव खाऊन हाक मारली आणि ती कशी कोण जाणे, तिथेच थांबली. त्या दिवशी यतीनने घरी येईपर्यंत तिला कडेवरून खाली उतरवलं नाही. मग त्याने त्याचा खेळच करून टाकला. तिने पळायचं, याने हाक मारायची. हाक ऐकली की जिथे असेल तिथे थांबायचं, वळायचं आणि "ओ" म्हणायचं. "काय" म्हटलेलं चालत नसे. मोठ्यांनी हाक मारली की ओ द्यायची, ही माझ्या सासूबाईंची शिस्त. ओ दिली की हा जवळ जाऊन तिच्या हातावर बेदाणे ठेवायचा आणि म्हणायचा, "पळ आता." मगच ती हलायची. रस्त्यावर, बस स्टॉपवर, सुपरमार्केटमध्ये, वर्षानुवर्षं. बाकीच्या आया मुलांच्या मागे धावायच्या आणि मी ऐटीत उभी राहायचे.

असं कसं असेल, मी स्वतःला म्हटलं. वीस वर्षांची मुलगी आहे. मग नऊ नंबर पुन्हा सुटली, यतीन पुन्हा ओरडला, सिया पुन्हा थांबली आणि दुसरा गोल झाला.

हाफ टाइमला मी ग्राउंडला वळसा घालून पलीकडे गेले. सिया संत्र्याची फोड चोखत गवतावर बसली होती आणि केरिस तिच्याशेजारी उकिडवी होती.

"सिया, बाबाने हाक मारली की तू थांबतेस," मी म्हटलं.

सियाने आधी केरिसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, प्लीज. बाबांना नको सांगू."

"तुला माहीत आहे?"

"सिन्स ऑक्टोबर. केरिसने मला मॅचची व्हिडिओ दाखवली. आय ट्राइड, आई. माझी पाय आपोआप थांबते."

मी तिथेच गवतावर बसले. केरिस म्हणाली, की वडिलांशी मी बोलते असं तिने सियाला किती वेळा सांगितलं. पण सियाचं एकच, तुम्ही बोललात तर मी खेळणंच सोडीन. तिला बाकावर बसवून पाहिलं, तर तिच्याशिवाय जास्तच गोल झाले. केरिस हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. तीन महिने आमच्या ताटावर या बाईचा उद्धार चालला होता.

"पण का, सिया? नुसतं सांगायचं ना त्याला."

"मग ते येणारच नाहीत." सिया संत्र्याच्या सालीकडे बघत होती. "मग ते बुधवारी पण शेव्ह नाही करणार."

मला वाटायचं, घरात ते फक्त मलाच दिसतं.

"आणि ही?" मी केरिसकडे बोट केलं. "हिची नोकरी जाईल आज."

"नाही जाणार. मी मीटिंगमध्ये सांगते, सगळा चूक माझा आहे. मी टीम सोडते. इट्स डन, आई."

शिट्टी वाजली आणि ती पळत गेली.

मी परत यतीनशेजारी येऊन उभी राहिले. त्याला शंकरपाळी हवी होती. मी डबा दिला नाही. सांगू नको म्हणाली होती, पण मी हो म्हटलं नव्हतं. फक्त कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात नऊ नंबर पुन्हा निघाली. यतीनने छाती भरून श्वास घेतला आणि मी माझा हातमोजा घातलेला पंजा त्याच्या तोंडावर दाबला. सगळ्या पालकांच्या देखत, घट्ट.

सिया धावत राहिली. पाय पुढे घातला, बॉल अलगद काढून घेतला आणि लांब उडवून दिला. मिहीर टाळ्या वाजवत होता.

मी हात काढला. यतीनचा चेहरा लाल झाला होता. "मधू, वेड लागलंय का तुला?"

"रोथ पार्क आठवतं?" मी म्हटलं. "बदकं? बेदाणे?"

"त्याचं आत्ता काय?" तो हसलासुद्धा. मग त्याने सियाकडे पाहिलं, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं पण त्यात जीव उरला नाही. त्याने बाजूच्या खांबाला धरलं. मग विचारलं, "सगळे गोल?"

"मी आजचेच पाहिले. तिला ऑक्टोबरपासून माहीत आहे. आज ती टीम सोडणार आहे. तुला कळू नये म्हणून."

त्यानंतर त्याने एकदाही हाक मारली नाही. उरलेल्या वेळात एकही गोल झाला नाही, पण आधीचे दोन फिटले नाहीत आणि टीम खालच्या लीगमध्ये गेली. पालक चिडून क्लबहाउसकडे निघाले. "यतीनदादा, आज सोडू नका त्या बाईला," मिहीर म्हणाला. यतीन त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत राहिला.

आत कमिटीची तीन माणसं टेबलामागे बसली होती. केरिस कोपऱ्यात उभी होती, जाकीट न काढता. अध्यक्षांनी यतीनचं नाव घ्यायच्या आत सिया उठली. चिखलाच्या मोज्यांनी तरातरा टेबलाकडे चालत गेली आणि बोलायला तोंड उघडलं.

"सिया."

यतीनने मागून हाक मारली. मोठ्याने नाही, पण तीच हाक.

सिया थांबली. भरल्या खोलीत, कमिटीकडे पाठ करून ती वळली आणि म्हणाली, "ओ."

कोणाला काही कळलं नाही. यतीन उठून पुढे गेला.

"पाहिलंत ना?" तो कमिटीला इंग्रजीत म्हणाला. "मी हाक मारली की ती थांबते. दर मॅचला मी हाक मारत आलो. हे तिला मी शिकवलंय, केरिसने नाही. ती तीन वर्षांची असल्यापासून."

मिहीर तोंड उघडं टाकून बसला होता. केरिसने जाकिटाची बाही डोळ्यांवरून फिरवली.

सिया मात्र होती तिथेच उभी होती, त्याच्याकडे बघत. यतीन तिच्यापाशी गेला. त्याने सवयीने खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. मग तिच्या केसांतला चिखल काढत तो हळूच म्हणाला, "पळ आता."