तोंड जमिनीला लावा

मित्रांनो, मी एक जुने स्ट्रेचर आहे. आता मी फ्रान्समधल्या ब्रतान्य प्रांताच्या किनाऱ्यावर ओले शेवाळ वाहून नेते, त्यामुळे इथली मुले मला शेवाळाची डोलीच समजतात. पण माझा जन्म इथला नाही. तो इथून दूर, बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या चिखलात, पहिल्या महायुद्धाच्या खंदकात झाला. तिथे जे पाहिले ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सैन्याची स्ट्रेचरे लांबलचक असत. खंदक म्हणजे जमिनीत खणलेली नागमोडी गल्ली. दर वळणावर ती स्ट्रेचरे अडकत आणि त्यांवरचा जखमी माणूस उचलणाऱ्यांचा उद्धार करी. म्हणून गुल्वेन नावाच्या शिपायाने मला स्वतःच्या हाताने बनवले. ओस पडलेल्या शेतातून वेल चढवायच्या दोन काठ्या आणल्या, फाटक्या तंबूचे कापड घेतले आणि गावाकडे शेवाळाच्या डोलीला मारतात तशा गाठी मारल्या. मला पाय लावले नाहीत. जखमी माणूस जितका तळाशी, तितका बंदुकीच्या गोळ्यांपासून लांब, असे त्याचे म्हणणे होते. माझे फार कौतुक झाले. शेजारच्या तुकडीतले लोकही मला पाहायला आले. मी तेव्हा भलतीच फुशारले होते, खोटे कशाला सांगू?

गुल्वेन चाळिशी ओलांडलेला, मुलाबाळांचा माणूस. त्याच्या तुकडीत सगळे त्याच वयाचे आणि त्याच किनाऱ्यावरचे होते. तरणी पोरे त्यांना 'आजोबा' म्हणून चिडवत. मला उचलताना पुढच्या टोकाला त्याचा शेजारी मातिलिन असे. हा गडी बुटका आणि तोंडाने फटकळ. आणि तिसरा तांगी, गुल्वेनच्या थोरल्या बहिणीचा, स्वाझिगचा नवरा. निघताना स्वाझिगने भावाला बजावले होते, "ह्यांना परत आण. मला दुसरं काही नको."

त्यांच्या गावी शेवाळ वाळवून दगडी चरांत जाळतात आणि राखेच्या लाद्या औषधाच्या कारखान्याला विकतात. उन्हाळाभर किनारा दाट, उग्र, डोळे झोंबणाऱ्या धुराने भरून जातो. वारा फिरला आणि धूर अंगावर आला, तर काय करायचे हे तिथले शेंबडे पोरही सांगेल. पोटावर पडायचे, तोंड जमिनीला लावायचे. धूर वर जातो, हवा खाली राहते. हे त्यांना कोणी शिकवल्याचे आठवतही नाही, इतके ते अंगवळणी पडलेले असते.

एप्रिलमधली ती दुपार होती. तोफेच्या गोळ्याची एक कपची तांगीच्या मांडीत घुसली. जखम खोल होती, पण हाड शाबूत होते. गुल्वेनने पट्टी बांधली, त्याला माझ्यावर घेतले आणि तो व मातिलिन मला आडोशाला नेऊ लागले.

"दाजी, जखमीच व्हायचं होतं तर आधी थोडं वजन तरी उतरवायचं!" मातिलिन धापा टाकत म्हणाला. "ताईच्या लोण्यातल्या धिरड्यांचं ओझं आम्ही का म्हणून वाहायचं?"

"तू वाहतोयस कुठे?" तांगी कण्हत हसला. "तू इतका बुटका की सगळा भार गुल्वेनवर."

"गप पडा दोघं," गुल्वेन म्हणाला. "तोफा थांबल्या की कालव्यापलीकडे डॉक्टरकडे नेतो. दाजी, महिनाभर सुट्टी लागली म्हणा तुम्हाला. ताई मला ओवाळायचीच बाकी राहील."

संध्याकाळी तोफा थांबल्या. मंद वारा सुटला होता, तोही समोरून, शत्रूच्या बाजूने. आता निघायचे, म्हणून दोघे वाकले, तेवढ्यात मातिलिनने नाक वर केले.

"अरे, कोण शेवाळ जाळतंय?"

समोरच्या शेतावरून हिरवट पिवळा धूर येत होता. तो वर चढत नव्हता. गवताला चिकटून, पुरुषभर उंचीने, भिंतीसारखा पुढे सरकत होता. बारा गावांचे पाणी प्यायलेल्या त्या माणसांनी असे काही कधी पाहिले नव्हते. वास मात्र ओळखीचा वाटला, खारट आणि झोंबरा. गुल्वेन ओरडला, "धूर आहे! धुराआडून ते चालून येतील. सगळे खाली! पोटावर पडा! तोंड जमिनीला लावा!"

आणि मित्रांनो, सगळ्यांनी ऐकले. कोणालाही दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. मातिलिन माझ्या शेजारी पालथा पडला. गुल्वेनने मला सर्वांत खोल जागी ओढले, तांगीच्या तोंडावर आपला कोट टाकला, आणि स्वतः बंदूक घेऊन खंदकाच्या पायरीवर चढला. कोणीतरी पहारा द्यायला हवा होता.

धूर काठावर आला आणि पाण्यासारखा आत ओतला गेला. मला नाक नाही, छाती नाही. पण माझे कापड सारे जाणते. तांगीची बोटे माझ्यात रुतली. त्याने कोट भिरकावून दिला आणि कोपरांवर भार देऊन उठू लागला. त्याचे अंग त्याला वर ढकलत होते. त्याला वर यायचे होते!

गुल्वेनने ते पाहिले. खोकत खोकत त्याने पायरीवरून हात खाली घातला आणि तांगीचा खांदा दाबून त्याला पुन्हा माझ्यावर निजवले.

"पडून राहा, दाजी! खाली हवा आहे! खालीच आहे!"

खाली हवा नव्हती. तो धूर नव्हताच, विषारी वायू होता, हवेहून जड. खंदकाच्या तळाशी तो साचत होता, आणि तळाशीच सगळे तोंड लावून पडले होते. तांगी पुन्हा उठू लागला, गुल्वेनने पुन्हा दाबले. मग त्याला नीट धरायला म्हणून गुल्वेन स्वतः खाली वाकला, आणि त्याचाच श्वास अडकला. तो ताडकन सरळ झाला. वर उभे राहिल्यावर थोडी हवा मिळाली. तो पुन्हा वाकला, पुन्हा गुदमरला. तेव्हा त्याला कळले. त्या वेळी त्याने जो आवाज काढला, तो माणसाचा होता असे मला वाटत नाही.

"उठा! सगळे उठा! उभे राहा!"

मातिलिन उठला नाही. त्याचे तोंड जमिनीला लावलेलेच होते आणि कोटाची पितळी बटणे हिरवी पडली होती. रांगेतले कितीतरी जण तसेच पडून होते, अगदी सांगितल्याप्रमाणे. आपल्याच बाजूचा एक अनोळखी अल्जेरियन शिपाई आंधळ्यासारखा धावत येत होता. गुल्वेनने त्याला धरून माझ्या टोकाशी उभे केले आणि हातानेच खांदा दाखवला. दोघांनी मला खांद्यावर घेतले. खांद्यावरून मेलेल्याला नेतात. त्यांनी जिवंत माणसाला नेले, केवळ त्याचे तोंड उंच राहावे म्हणून. ते कालव्याकडे पळाले, आणि वाऱ्याबरोबर तो वायूही त्यांच्या मागोमाग आला.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत तांगी जिवंत होता. मांडीची जखम पाहून डॉक्टर म्हणाला, "ही बरी होईल." मग त्याने छातीला कान लावला आणि हातातली पट्टी खाली ठेवली. तांगीच्या छातीत पाणी भरत होते. कोरड्या जमिनीवर, माझ्या कापडावर, तो दुसऱ्या दिवशी बुडून मेला. शेवटपर्यंत गुल्वेन त्याला पाठीशी टेकू देऊन बसता धरत होता. त्याला एकदाही आडवे होऊ दिले नाही.

फुफ्फुसे निकामी झाल्याने गुल्वेनला घरी पाठवले. येताना माझे कापड काठ्यांभोवती गुंडाळून त्याने मला बरोबर आणले. का, ते त्यालाच ठाऊक. स्वाझिगने मला समुद्राच्या पाण्यात धुतले. भावाला धिरडे वाढले. मग समोर बसून विचारले,

"धूर होता म्हणे?"

"हो."

"मग तू ह्यांना खाली निजवलंस ना रे?"

गुल्वेनने ताट पुढे सारले.

"निजवलं, ताई."

"मला वाटलंच," ती डोळे पुसत म्हणाली. "आपण लहानपणापासून शिकलेलं तू विसरायचा नाहीस. तुझ्या हातून होतं ते सगळं तू केलंस."



मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. माझे कापड विरले की चुलीत घाला. माझी विनंती वेगळी आहे. तो वायू कोणा अडाण्याने बनवला नव्हता. तो जड असतो, तळाशी साचतो, माणसे आडोशाला खाली वाकतात, हे सारे नीट अभ्यासून हुशार माणसांनी तो नळकांड्यांत भरला आणि वाऱ्याची वाट पाहिली. उद्या तुम्हीही शिकाल, हुशार व्हाल. तेव्हा हाती येईल ते बनवण्याआधी एकदा विचारा, हे कोणाच्या छातीत जाणार आहे? कारण गुल्वेनचा तो हात मायेचा होता. आपल्या माणसाला वाचवण्यासाठीच त्याने त्याला खाली दाबले होते, आणि त्या हुशारीने त्याच हाताला मारेकरी केले.