केशवकाकांची बेरीज

बारामतीत ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर केशवकाकांच्या दुकानात आधी परीक्षा द्यावी लागायची. "घरी एसएमपीएस कुठला आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कॉम्प्युटरच्या डब्यात मागे बसून सगळ्यांना वीज वाटणारी ही चौकोनी पेटी बहुतेकांना ठाऊकच नसायची. मग काका पाठकोऱ्या कागदावर बेरीज मांडायचे. कार्ड किती वॅट ओढतं, प्रोसेसर किती, डिस्क आणि पंखे किती. आणि आलेल्या आकड्यावर आणखी निम्मे.

"कार्ड शहाण्यासारखं बसून जेवत नाही," ते म्हणायचे. "मधेच एखाद्या क्षणी दुप्पट मागतं. तेव्हा द्यायला नसेल, तर मशीन बंद."

गिऱ्हाइकानं कुरकुर केली की काका कार्ड परत कपाटात ठेवायचे. बेरजेचा कागद मात्र प्रत्येक मशीनच्या झाकणाला आतून चिकटवायचे. सत्तावीस वर्षांत त्यांनी बसवलेलं एकही मशीन विजेपायी परत आलं नव्हतं.

सुप्रिया ही शेळगावच्या हिंदुरावांची मुलगी. डिप्लोमा करून ती या दुकानात आली त्याला बारा वर्षं झाली होती. आता निम्मं दुकान तीच पाहायची, आणि काका नसताना तीही गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायची ते काकांच्याच सुरात.

गणपती उठले त्या आठवड्यात निमगाव केतकीची राजनंदिनी मशीन घेऊन आली. ती लग्नांचे व्हिडिओ जोडून द्यायची. नवं कार्ड काकांनी पंधरा दिवसांपूर्वीच बसवून दिलं होतं.

"ताई, व्हिडिओ तयार करायला लावला की धाडकन बंद पडतंय. नुसतं चालू ठेवलं तर कायबी होत न्हाय."

काका बँकेत गेले होते. सुप्रियानं झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली. तीनशे वीस वॅटच्या कार्डामागे साडेचारशेचा एसएमपीएस. कार्डाच्या दोन्ही खाचांना एकाच वायरीची दोन टोकं. झाकणाला काकांच्या अक्षरातला कागद: ३२० + १२५ + ६० = ४०५.

हातचा एक धरायचा राहिला होता. आणि वरचे निम्मेही.

"खोकं बदललं गेलं बघ आमच्याकडून," ती म्हणाली. तिनं साडेसातशेचा एसएमपीएस बसवला, दोन वेगळ्या वायरी ओढल्या, अर्धा तास मशीन कामाला लावून पाहिलं. चिकटवलेला कागद तिनं फाडून टाकला. काकांना काही सांगितलं नाही.

तेव्हापासून ती काकांच्या मागे प्रत्येक मशीन उघडून पाहू लागली. नवरात्रात दोन सापडली, दिवाळीत तीन. काका जेवायला गेले की ती गुपचूप बदलायची. एकदा ते अचानक परत आले.

"मी बसवलेलं उघडतेस?"

"पंख्याचा आवाज येत होता, काका."

आधी तिला वाटलं, थकलेत. मग तसं वाटणं तिनंच सोडलं. काकांच्या घरी विनयाकाकूंना सांगावं म्हणून दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि इकडचं तिकडचं बोलून परत आली. सांगितलं तर काका दुकानात उरणार नाहीत, एवढंच तिला कळत होतं. त्यापुढचा विचार ती करत नव्हती.

डिसेंबरात हिंदुरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून सुप्रिया तीन दिवस शेळगावला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी राजनंदिनीचा फोन आला.

"ताई, दुसरी डिस्क बसवायला काका आलं व्हतं. बटन दाबलं अन् जळाल्याचा वास आला. काका म्हनलं, आता होईल चालू, आन् पिशवी घेऊन गेलं बी. दोन्ही डिस्क उठत न्हाईत."

सुप्रिया मिळेल त्या एसटीनं निमगावला पोचली. डब्यात वाकून पाहिलं. काकांनी दुकानाच्या खणातली सुटी वायर आणली होती, दुसऱ्याच कंपनीच्या एसएमपीएसची. पेटीत बसणारं टोक दिसायला सारखंच असतं, आतल्या तारांची मांडणी निराळी. जिथं पाच व्होल्ट जायचे तिथं बारा गेले होते. एकाच वायरीवर नवी डिस्क होती आणि जुनीही. जुनीतल्या सगळ्याची एक प्रत असावी, म्हणून तर नवी मागवली होती.

"लग्नांची काळजी न्हाय," राजनंदिनी म्हणाली. "ज्यांची त्यांना दिलीत. पन आईचा एक व्हिडिओ व्हता ह्यात. चुलीपुढं बसलेली. 'आधी जेव, मग काढ काय काढायचं ते,' असं वरडती मला. चारच मिनटं. आवाजाचा तेवढा एकच."

तिची आई, सारजाबाई, दोन वर्षांपूर्वी वारली होती.

सुप्रियानं जुनी डिस्क पुण्याला डेटा काढून देणाऱ्याकडे पाठवली. तिथल्या माणसानं जळालेली पट्टी बदलून पाहिली. दहा दिवसांनी डिस्क परत आली. काहीही निघालं नव्हतं.

राजनंदिनी ती घ्यायला दुकानात आली तेव्हा काका समोरच उभे होते. जळालेली डिस्क आणि वायर पाहून त्यांनी ती वायर उचलली, टोक वळवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"ही वायर त्या पेटीची नव्हेच! सुप्रिया, हे तू केलंस?"

सुप्रियानं एकदा राजनंदिनीकडे पाहिलं. "व्हय काका," ती म्हणाली. गावची बोली दुकानात तिच्या तोंडी सहसा यायची नाही. "चुकलं माझं."

"चुकलं? बारा वर्षं घोकून घेतलं तुझ्याकडून! एकाची वायर दुसऱ्याला लावायची नाही! या मुलीचं काय गेलं ते कळतंय का तुला?"

सुप्रिया मान खाली घालून उभी राहिली. राजनंदिनीला ते बघवलं नाही.

"काका, ताईंनी न्हाय. तुमीच आला व्हता. मी च्या दिला तुमाला. तुमी म्हनला, साखर जास्त झालीय."

काका हसले. "मी? अगं, निमगावला येऊन मला वर्षं झाली."

"गेला होतात," दारातून आवाज आला. विनयाकाकू डबा घेऊन आल्या होत्या. "शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात एसटीचं तिकीट निघालं."

काकांनी तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ते खुर्चीत बसले. वायर त्यांच्या मांडीवर तशीच पडून होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

सुप्रियानं सांगितलं. राहिलेला हातचा, नवरात्रातली दोन मशीनं, दिवाळीतली तीन. काकू म्हणाल्या, त्यांना होळीपासून दिसत होतं. चालू राहिलेला गॅस, धाकट्या भावाचं न आठवणारं नाव.

"मला वाटलं, दुकानात ठीक आहेत ना," काकू म्हणाल्या.

"आणि मला वाटलं, घरी ठीक असतील," सुप्रिया म्हणाली.

काका उठले आणि राजनंदिनीसमोर हात जोडून उभे राहिले. "बाळ, मला यातलं काही आठवत नाही. पण वायर माझ्या खणातली आहे. जे आठवतच नाही, त्याची माफी कशी मागायची ते मला समजत नाही."

डिस्क ओढणीत गुंडाळून राजनंदिनी पायऱ्या उतरली.

पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं. गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल, म्हणाले. लक्षणं कधी दिसायला लागली असंही विचारलं. काकूंनी होळी सांगितली तेव्हा लिहिता लिहिता त्यांनी वर पाहिलं. "मग इतका उशीर का केलात?"

त्यानंतर काकांनी आपणहून एकाही मशीनला हात लावला नाही. चार महिने ते नुसते येऊन बसायचे. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर सुप्रियाकडे बोट दाखवायचे. सुप्रिया चुकते का हे ते डोळे बारीक करून पाहत असत. आणि ती एकदाही चुकली नाही. पाडवा झाल्यावर त्यांना दुकानाची वाट सापडेना, मग येणं थांबलं.

जूनमध्ये शेळगावला आलेली सुप्रिया बारामतीला परतण्याआधी निमगावच्या आठवडे बाजारात गेली होती. मेथीच्या जुड्यांपाशी राजनंदिनी भेटली.

"काका कसं हायत?" राजनंदिनीनं विचारलं.

"काकूंना ओळखतात. मला कधी ओळखतात, कधी नाही."

राजनंदिनीनं एक जुडी उचलली, परत ठेवली. "मी लई राग धरला व्हता त्यांचा. आजून हाय थोडा." मग ती म्हणाली, "आईचे शब्द समदे ध्यानात हायत, ताई. आवाज मातर आठवंना झालाय. रोज सकाळी आठवून बघती."

सुप्रियानं तिचा हात धरला. मागून बारामतीच्या एसटीचा हॉर्न वाजला, तरी तिनं तो सोडला नाही. ती गाडी गेली.