त्रेसष्टावा अध्याय

लोक म्हणतात, जुन्या कादंबऱ्या माणसाला शहाणं करतात. मी एकतीस वर्षं चहाच्या दुकानात बसून त्याच सांगतोय. शहाणा झालेला एकही इसम माझ्या पाहण्यात नाही. कोणी पुस्तकातल्या सेनापतीचा डाव सासऱ्यावर करून बघतो आणि वर्षभर हाताने रांधून खातो. आणि फेंग शौयीसारखा एखादा शपथ घेऊन बसतो.

फेंग होडीवाला. विशीत असताना त्याने आणि थोरल्या हौने माझ्या गुरूंच्या तोंडून दोन मानलेल्या भावांची कादंबरी ऐकली, आणि लगेच नदीकाठच्या देवळात जाऊन कोंबड्याचं रक्त घातलेली दारू प्यायले. शपथही पुस्तकातलीच, की जग सोडून जाताना बरोबर जायचं. विशीत बोलायला काय जातंय! पुढे चाळीस वर्षं दोघांनी एक होडी चालवली आणि रोज कडाकडा भांडले.

यंदाच्या वसंतात हौ खोकून खोकून गेला. पाचव्या दिवशी त्याची बायको सुतकाच्या पांढऱ्या कपड्यांत दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. सुतकात कुणाच्या दुकानात पाऊल टाकत नाहीत, म्हणून बाहेरूनच ओरडली.

"तान मास्तर, ढोसा, चहा ढोसा! तिकडे माणूस मरतोय."

"कोण?"

"आमचे फेंग भावजी. पाच दिवस अन्नाला शिवले नाहीत. म्हणतात, परवा सातव्या दिवशी हौचा आत्मा घरी फिरून येईल, त्याच्याबरोबर मी निघतो. तुमच्या त्या मेल्या पुस्तकापायी!"

"वहिनी, पुस्तक काय मी लिहिलंय?"

"ते मला नका सांगू. पुस्तकात थोरला गेल्यावर धाकट्याने काय केलं, तेवढं सांगा."

दुकानात ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरल्याच्या मरणाचा त्रेसष्टावा अध्याय आम्ही सांगतच नाही. बासष्टावा संपला की कथा सांगणारा एक दिवस घरी बसतो, ऐकणारे आपापल्या घरी थोरल्याच्या नावाने उदबत्ती लावतात आणि तिसऱ्या दिवशी चौसष्टावा सुरू होतो. तिथून पुढे सगळी थोरल्याच्या मुलाची लढाई. धाकट्याचं नाव पुन्हा येत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

"जगला ना तो?" हौवहिनीचा आवाज खाली आला होता.

"येतो मी," एवढंच म्हणालो.

पुस्तकात धाकटा सातव्या दिवशी नदीत उतरतो. तीन ओळींत आहे ते, आणि फार चांगलं लिहिलंय. गुरूंनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्याआधी टेबलावर आपटायचा लाकडी ठोकळा माझ्या हातात देऊन वचन घेतलं होतं, की एखादा अध्याय गाळलास तर चालेल, शब्द बदलायचा नाही. ते मी पाळलं. अभिमान धरावा असं माझ्यापाशी दुसरं काही नाही. फेंगच्या घरी जाताना मी वाटेतून दोनदा मागे फिरलो, हे सांगून टाकतो.

फेंग खाटेवर पडून होता. गाल आत गेलेले. उशाशी वहिनीने ठेवलेली पेजेची वाटी, वर खारवलेली मोहरीची भाजी.

"आलास? बस. ही बाई सगळा गाव गोळा करणार."

"कथा सांगायला आलोय."

"फुकट?"

"फुकट."

"अरे देवा, म्हणजे मी खरंच मरतोय."

मी ठोकळा स्टुलावर आपटला आणि त्रेसष्टावा सुरू केला. थोरल्याच्या मरणापर्यंत एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. वहिनी उंबऱ्यावर बसून डोळे पुसत होती. मग सातवा दिवस आला.

"धाकटा नदीवर गेला," मी म्हणालो. "पाय भिजवले. पाणी फार गार होतं. तो घरी परतला, भावाच्या घरची चूल पेटवली आणि पुढे बारा वर्षं जगला. शेवटी शेवटी तोंडात दात उरले नव्हते."

दातांचं कुठून सुचलं, देव जाणे. जुन्या कादंबरीत वीरांचे दात पडत नाहीत.

"ऐकलंत भावजी?" वहिनी उठूनच उभी राहिली. "पुस्तकातच आहे!"

"वहिनी, जरा विहिरीवरून ताजं पाणी आणता?" फेंग म्हणाला.

ती गेली. फेंगने माझ्याकडे मान वळवली.

"मास्तर, हौला वाचता येत होतं. पुराच्या दिवसांत होडी बांधून बसायचो, तेव्हा सगळं पुस्तक त्याने मला वाचून दाखवलंय. त्रेसष्टावा तर दोनदा."

माझे कान तापले.

"तुम्हा लोकांचं गुरूपाशी वचन असतं ना? शब्द न बदलण्याचं?"

"असतं."

"मग?"

"मग काय! मोडलं!" मी ओरडलोच. "तू मेलास तर पहिल्या बाकावर बसून माझ्या चुका कोण काढणार, गाढवा?" माझा आवाज फाटला. लाज वाटली, पण डोळे काही थांबेनात.

 तो कोपरावर उठायला गेला, जमेना. मी पाठीला हात दिला. हातात नुसती हाडं आली.

"तू एकटाच शब्द मोडून बसलास, ते बरं दिसत नाही," तो म्हणाला. "माझाही मोडू दे सोबतीला. दे ती पेज. आणि वहिनीला काही बोलू नकोस."

पेज गार झाली होती. तो हळूहळू खाऊ लागला, मध्येच ठसकला, पुन्हा खाऊ लागला.

"परवा हौ आला तर त्याला काय सांगशील?" मी विचारलं.

त्याने तोंडातला घास गिळला.

"सांगेन, तू हो पुढे. मला जरा वेळ लागेल."